देवाच्या नावाचा पेला

मी यमुना. गाव बेलपाडा, आता लोक त्याला खारघर म्हणतात. मी बोलतेय आणि माझी मुलगी प्रणाली लिहून घेतेय. शिव्या तिने गाळल्यात, त्यामुळे काही ठिकाणी जरा सपक लागेल. म्हणते, "आई, चार लोक वाचणार आहेत." वाचू देत की. ज्याच्या घरात दारू शिरली आहे त्याला शिव्या काय नवीन आहेत?

दारूचा आजार बाप्यांनाच होतो असं सगळे धरून चालतात. बाप्या प्यायला तर त्याला सवय लागली म्हणतात, बिचारा म्हणतात. बाई प्यायली की ती वाया गेली, संपलं. तिला कोण डॉक्टरकडे नेणार? म्हणून सांगतेय. एखादी असेल अशी कुठे, वास जावा म्हणून मोरीत बसून तोंड धुणारी, तर तिने ऐकावं.

मान

मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हटला की काम पुढे सरकतं. आणि धवल्याच्या आधी देवाला, पितरांना दारूचा पेला दाखवायचा असतो. त्याला आमच्याकडे मान म्हणतात. दाखवून झाला की नवरीच्या किंवा नवऱ्याच्या आईने ओठाला लावायचा, मग उरलेला धवलारिणीने घ्यायचा. आईने लावल्याशिवाय धवलारीण घेत नाही, तसं चालत नाही.

मला हे सगळं शिकवलं ठकूबायने. माझी आई लवकर गेली, त्यामुळे ठकूबायच माझी आई. पहिला पेला तिनेच माझ्या हातात दिला. मी तोंड वाकडं केलं तर हसली, म्हणाली, "अगो, गला मोकला होतो. देवाचा हाय, नाय बोलू नको." मी पंचविशीची होते. गळा खरंच मोकळा झाला असं वाटलं. लग्नसराईत एका दिवसात तीन तीन मांडव, प्रत्येक मांडवात चार वेळा मान. मग लग्नसराई संपली तरी गळा मोकळा करायची गरज पडायला लागली. मग सकाळी चहाच्या आधी. माझा नवरा दामोदर टेम्पो चालवतो, गरीब माणूस, तोंडातून शब्द काढायचा तर त्याला जड. तो बघायचा आणि टेम्पो पुसायला बाहेर जायचा.

भांडली ती प्रणाली. पनवेलला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, अंगाने काडी, पण तोंडाचा पट्टा माझाच घेतलाय. उरणकडच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, माझ्या लपवलेल्या बाटल्या तिने तांदळाच्या पिंपातून, गाद्यांमधून, गॅसच्या मागून काढल्या आणि मोरीत एकेक करून फोडल्या. काचा उडून तिच्याच पायाला लागल्या. रक्त वाहतंय आणि ही फोडतेय. मी तिच्या पाठीत बुक्के घालतेय आणि ही फोडतेय.

"माझ्या अंगाला हळद तूच लावायचीस," ती ओरडली. "पण प्यायलेल्या हाताने नाय. तसला हात माझ्या तोंडाला लागला तर मी मांडवातून उठून जाईन. मग मावशी लावेल हळद, आणि तू बस मागे."

आमच्यात आई जिवंत असून मावशीने पहिली हळद लावली तर त्या आईने गावात तोंड दाखवू नये. पोरीने बरोबर नस धरली होती.

कुलूप

दुसऱ्या दिवसापासून घरात बंदोबस्त. दामोदरने कपाटाला कुलूप घातलं, गल्लीतल्या दुकानदाराला जाऊन दम दिला, माझे पैसे, माझा मोबाईल काढून घेतला. खोकल्याचं औषधसुद्धा टेम्पोत नेऊन ठेवलं. मी म्हटलं ठीक आहे, बघू या कोण जिंकतं.

आणि एवढं सगळं करून देव्हाऱ्यातली बाटली तशीच. आमच्या देव्हाऱ्यात एका बाजूला देवाच्या मानाची छोटी बाटली कायम असते, अमावास्येला दामोदर ती स्वतः भरतो. ती त्याच्या डोळ्यांना दिसलीच नाही. त्याच्या लेखी ती दारू नव्हतीच, ती देवाची होती. खरं सांगायचं तर माझ्याही मनात ती घ्यायचं आलं नाही. इतकी वर्षं पीत होते, पण देवाची बाटली देवाला दाखवल्याशिवाय कधी उघडली नव्हती.

हात थरथरायला लागले. घाम. भिंतीवरून खेकडे चालताना दिसायला लागले, मी झाडू घेऊन भिंत बडवत होते. आणि मग तांदूळ निवडता निवडता मी पडले. पुढचं मला आठवत नाही, प्रणालीने सांगितलं ते सांगते. डोळे पांढरे झाले, दात आवळले, जीभ दातात सापडून तोंड रक्ताने भरलं, हातपाय जमिनीवर आपटत होते. सूप लांब उडालं, तांदूळ घरभर.

गल्लीतल्या बायका धावत आल्या. आणि धवलारीण अशी थरथर कापतेय म्हटल्यावर कोणाच्या मनात काय येणार? "अंगात आलं गो! यमुनाच्या अंगात देव आला!" कुणी कपाळाला कुंकू फासलं, कुणी लिंबू कापला. प्रणाली ओरडत होती की रिक्षा बोलवा, पण तिला एका बाईने दंड धरून बाजूला केलं. ठकूबाय आली. देव्हाऱ्यातली भरलेली बाटली बघून म्हणाली, "घरात मान बंद केलाव तुमी. देव कोपणार नाय तर काय करणार?" तिने देवाची बाटली घेतली आणि माझे दात चमच्याने फाकवून तोंडात ओतली.

थोड्या वेळाने कापरं थांबलं. मी डोळे उघडले, उठून बसले, पाणी मागितलं.

झालं! आता कोणाला आणखी काय पुरावा हवा? देवाने मागितली, देवाला मिळाली, देव शांत झाला. सगळ्यांना पटलं. मला तर सगळ्यांच्या आधी पटलं.

तिथून माझं पिणं देवाचं झालं. सकाळी हात हलायला लागला की मी देव्हाऱ्यासमोर जाऊन बसायची. कुलूप लावणारा माझा नवराच आता बाटली भरून आणायचा, पाया पडून माझ्यापुढे ठेवायचा. एवढंच नाही, शेजारच्या बायका आपले प्रश्न विचारायला यायच्या. मेल्यांनो, तुमच्या पोराला नोकरी लागेल का हे मला काय ठाऊक? पण मी सांगायची. पेल्यामागे एक उत्तर.

प्रणालीचा विश्वास नव्हता. एका सकाळी तिने देव्हाऱ्यातली बाटली उचलली आणि भिंतीवर भिरकावली. मी तिच्यावर झेपच घेतली. आम्ही दोघी एकमेकींचे केस धरून जमिनीवर लोळत होतो, तिची नखं माझ्या गालात, माझा गुडघा तिच्या पोटात. देवावर हात टाकलास म्हणून मी तिला मारत होते. आणि मारता मारता माझ्या तोंडातून रक्त यायला लागलं. आधी वाटलं तिने दात पाडला. मग उलटी झाली आणि सगळी फरशी लाल झाली. पोरगी माझ्याखाली होती, तिच्या तोंडावर, केसांवर, सगळीकडे माझं रक्त.

तिने मला उचललं. ती काडी मला उचलून टेम्पोपर्यंत घेऊन गेली. अजून कळत नाही कशी.

पनवेल

पनवेलच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्त थांबवलं, सलाईनच्या बाटल्या लावल्या, आणि मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "मावशी, किती पिता?"

मी म्हटलं, "मी पीत नाही. देव पितो."

ती हसली नाही. दामोदरकडून तिने सगळं काढून घेतलं, पडले कधी, तोंडात काय ओतलं, किती वेळाने शुद्धीवर आले. मग म्हणाली, "मावशी, ती फिट होती. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली की शरीर असं झटके देतं. पुन्हा दारू गेली की थांबतं, पण रोग आत तसाच. घरच्यांनी कुलूप लावलं तेव्हाच तुम्ही गेला असतात. आणि फिटमध्ये तोंडात ओतली तेव्हासुद्धा गेला असतात, श्वासनळीत जाऊन. दारूने अन्ननळीतली शीर फुटलीय, यापुढे एक पेला घेतलात तर मुलीचं लग्न बघाल याची मी खात्री देत नाही."

मी हातातला उलटीचा ट्रे तिच्या अंगावर फेकला. काल आलेली पोरगी माझ्या देवाला खोटं पाडते? तिचा पांढरा कोट खराब झाला. नर्स धावल्या, माझे हात पलंगाला बांधले. मी त्या डॉक्टरिणीला काय काय बोलले ते प्रणाली लिहीत नाही. ती डॉक्टरीण कोट बदलून परत आली आणि त्याच खुर्चीवर बसली. असं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

दामोदर मात्र पांढराफटक पडला होता. तो उठून बाहेर गेला. देवाची म्हणून बाटली त्याने भरली होती, पाया पडून दिली होती. खाली जाऊन त्याने टेम्पोच्या काचेवर मूठ मारली, काच फुटली, हात फाटला. मग त्याच हॉस्पिटलात त्याला टाके पडले. नवरा एका मजल्यावर, बायको दुसऱ्या. दुष्काळात तेरावा महिना! मी बांधलेली होते तरी हसले, आणि हसता हसता इतकी रडले की मला गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागलं.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. घरात कुलूप लावून दारू सोडवायला जाऊ नका. रोज पिणारं माणूस असं अचानक बंद केलं तर मरू शकतं. दवाखान्यात न्या. तिथे सोडवतात, औषध देऊन, हळूहळू. कुलूप कपाटाला लावतात, माणसाला नाही.

हायवेच्या आत

मला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, कर्नाळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत. लग्नसराई तोंडावर होती. मी म्हटलं, हंगाम झाल्यावर येते. प्रणाली म्हणाली, "हंगाम होईपर्यंत तू राहशील का?" धवलारिणीला सुट्टी नसते, सुट्टी घेतली की तिची जागा जाते. माझे मांडव दुसऱ्या बायकांना गेले. काही ठिकाणी तर डीजेवाल्याने पेनड्राइव्हवरचे धवले वाजवले. हे कळलं तेव्हा मी चहाचा कप भिंतीवर फोडला. तो फोडला म्हणून मला आठवडाभर प्लॅस्टिकच्या कपातून चहा.

बायकांचा वॉर्ड छोटा होता. सकाळी घंटा, चहा, झाडलोट, व्यायाम, मग गोल बसून बोलायचं. बोलायचं काय, तर आपापली घाण. मी बसायची तोंड फिरवून. रात्री झोप नाही, दिवसा अंगाची आग, कातडीखाली मुंग्या. कुणी मोठ्याने जेवलं तरी त्याचं डोकं फोडावंसं वाटायचं. आणि एकदा मी ते जवळजवळ केलंच.

माझ्या शेजारच्या खाटेवर नजमा होती. पनवेलची, मोहल्ल्यातली, नवरा कतारला कामाला. झोपेच्या गोळ्या. पोरगी माझ्याहून लहान, दिसायला गोरीपान, पण डोळे आत गेलेले. मी पहाटे उठून धवले गुणगुणायची, गळा टिकवायचा म्हणून. तिला आधीच झोप नाही. दोन-तीनदा तिने सांगितलं. मी ऐकलं नाही. मग एका सकाळी स्टीलचा पेला माझ्या तोंडावर येऊन बसला आणि माझा पुढचा दात निम्मा तुटला.

मी तिला खाटेवरून ओढली. तिचा गळा माझ्या दोन्ही हातात होता. ती मला लाथा घालत होती, मी दाबत होते. खरंच दाबत होते. चार बायकांनी मला सोडवली तेव्हा तिच्या मानेवर माझ्या बोटांचे वळ उठले होते. मी बाथरूममध्ये जाऊन स्वतःचे हात बघितले. त्यांनी त्या पोरीला मारलं असतं, आणि त्या वेळी पोटात दारूचा थेंब नव्हता. मी घाबरले. इतके दिवस सगळा दोष बाटलीवर टाकला होता.

शिक्षा म्हणून दोघींनी मिळून संडास धुवायचे. आठवडाभर. एक पाणी ओतणार, एक खराट्याने घासणार, बोलणार कोणी नाही. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"ताई, तुमच्याकडे देव मागतो म्हणे."

"मागत होता."

"माझ्याकडे डॉक्टरने लिहून दिलेल्या. घरात कोणी काय बोलणार? औषधच ना. अम्मी तर रोज आठवण करायची, गोळी घेतलीस का म्हणून." ती खराटा टेकवून उभी राहिली. "खुदा कसम, दारू असती तर बरं झालं असतं. लोकांनी शिव्या तरी दिल्या असत्या."

मी तिला शिवी दिली. एकदम अस्सल. ती हसायला लागली, मग मी हसले, तुटका दात दाखवून. त्या रविवारी तिच्या अम्मीने सांदण पाठवलं होतं, तांदळाचं, नारळाचा रस घातलेलं. नजमाने निम्मं ओढणीत लपवून माझ्यासाठी आणलं. मी आयुष्यात काही इतकं चवीने खाल्लेलं नाही. इतक्या वर्षांत जेवणाला चव असते हेच विसरले होते.

दामोदर दर रविवारी यायचा. समोर बसायचा, हातावरचे टाके चाचपायचा. प्रणाली यायची नाही. मी विचारलं की म्हणायचा, "कामाला हाय." ती शेवटच्या रविवारी आली. माझा चेहरा, माझे डोळे, माझी नखं, सगळं तपासून बघितलं, दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर तपासावा तसं. आणि म्हणाली, "दात बसवून घे लग्नाच्या आधी. फोटोत वाईट दिसेल." म्हणजे फोटोत मी असणार होते. ती गेल्यावर मी उशी तोंडात कोंबून रडले.

मांडव

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडव. दारात मेढ उभी राहिली, आंब्याचे टहाळे बांधले, बायका जमल्या. संध्याकाळी हळद. मी नवरीची आई, म्हणून धवल्याला ठकूबायच येणार, माझ्या मुलीच्या लग्नात दुसरी कोण? दामोदरने घरात थेंब ठेवला नव्हता. देव्हारा मोकळा. पण मानाचं काय? तो दोन दिवस माझ्यामागे घुटमळत होता. मी म्हटलं, देवाला शहाळ्याचं पाणी दाखव. त्याने मान हलवली. आणि तरी ऐन वेळी मागच्या दाराने बाटली आणली. ठकूबायला नाही म्हणायची छाती त्याला कुठून होणार?

ठकूबाय आली ती दोघींच्या आधाराने. मला वाटलं वय झालं. खरं काय ते मला नंतर कळलं. यमुना सुधारली म्हटल्यावर तिच्या मुलाला उत्साह आला, त्याने म्हातारीच्या खोलीला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. आमचं बघून शिकला, आणि तेच शिकला.

तिने देवाला पेला दाखवला. मग माझ्यापुढे धरला. "ओठाला लाव."

वास आला. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. दिवसभर काम, मांडवभर माणसं, मुलगी चाललीय. एक घोट. नुसता ओठ ओला. कोणाला कळलंही नसतं.

"नाय ठकूबाय. मी लावत नाय."

"मान मोडतेस?"

"मला आजार हाय. डॉक्टरने—"

"डॉक्टर आला काय पोरीच्या कुंकवाला राखायला?" तिचा आवाज चढला. "देव उपाशी ठेवून पोर धाडतेस? तुझ्या पोरीचं कुंकू पुसलं जाईल, सांगून ठेवते!"

प्रणाली दारात उभी होती. तिने ते ऐकलं. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी काही बोलायच्या आत म्हातारीने पेला माझ्या तोंडात कोंबला. काठ दातांवर आपटला, नवीन बसवलेला दात हलला, हिरडी फाटली. मी तिच्या हातावर फटका मारला. पेला उडून मेढीवर आदळला. तिने मला थोबाडीत दिली. मी तिला ढकललं. माझ्या आईसारख्या बाईला मी सगळ्या गावासमोर ढकललं आणि ती पाटावरून खाली कोसळली.

बायका किंचाळल्या. म्हातारी कापायला लागली. आधी हात, मग सगळं अंग. "अंगात आलं! देव कोपला गो!" एकीने कुंकवाचा करंडा उघडला. कुणी माझा दंड धरून म्हणालं, पाया पड, पाया पड.

मी वाकले. पण पाया पडायला नाही, मी तिचे हात बघत होते. बोटं कशी वळतायत, वरच्या ओठावर घाम कसा आलाय, डोळे कशाच्या मागे धावतायत. ती गुडघ्यांवर सरकत मेढीपाशी गेली, जिथे दारू सांडली होती. ओल्या मातीत तिने बोटं बुडवली आणि तोंडात घातली. पुन्हा बुडवली. पुन्हा घातली.



मला तेव्हा कळलं. ती माझ्याशी देवासाठी भांडत नव्हती. आईने ओठाला लावल्याशिवाय धवलारिणीला घेता येत नाही. मी नाही म्हटलं, म्हणून तिचा पेला अडला होता.

"हे देव नाय गो," मी ओरडले. "आजार हाय हा! माझा होता तोच! ते कुंकू ठेव बाजूला, नायतर तोंड फोडीन!"

दामोदरच्या मोबाईलवरून मी डॉक्टरिणीला फोन लावला, तीच जिच्या अंगावर ट्रे टाकला होता. तिने भराभर विचारलं. शुद्धीत आहे का? बोलते का? गिळते का? मग म्हणाली, "लगेच घेऊन या. वयाला हे झेपणार नाही. पूर्ण शुद्धीत आहे आणि स्वतःच्या हाताने गिळते, तर थोडीशी द्या, तेवढीच, वाटेत फिट यायला नको. झटका आला तर मात्र तोंडात थेंब घालायचा नाही, कुशीवर वळवायचं."

थोडीशी द्या. कोण देणार? दामोदर मागे सरकला. त्याचा टाके पडलेला हात त्याने पाठीमागे नेला. म्हातारीचा मुलगा रडत होता.

मीच पेला उचलला, माती पुसली. बाटलीचं झाकण उघडलं. ओतताना थोडी बोटांवरून वाहिली. ठकूबायची मान मी माझ्या दंडावर घेतली आणि पेला तिच्या हातात दिला. ती घोट घोट पीत होती. माझ्या बोटांवरची दारू वाळत होती आणि ती चाटावी असं माझ्या मनात आलं. मी बोटं पदराला घट्ट पुसली.

"यमुने," ती पिऊन झाल्यावर म्हणाली, "माझी पोर गो तू." डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मना कसलं हे लागलं?"

"मलाच लागलं होतं तेच. जा आता. ती डॉक्टरीण बरी आहे. तिच्यावर काही फेकू नको."

दामोदर आणि तिचा मुलगा तिला टेम्पोतून पनवेलला घेऊन गेले. बाटलीत उरलेली दारू मी सगळ्यांसमोर मोरीत ओतली आणि रिकामी बाटली प्रणालीच्या मावशीच्या हातात दिली, तिने खात्री करावी म्हणून. मान मोडला तो मोडला. देवाला काय बोलायचंय ते त्याने माझ्याशी बोलावं, माझ्या पोरीशी नाही.

हळद

दिवस कलला तेव्हा हळद काढली. प्रणाली पाटावर बसली. बायका कुजबुजत होत्या, अपशकुन, धवलारीण नाही, आता कसं. डीजेवाला पेनड्राइव्ह हातात घेऊन उभा. मी त्याला म्हटलं, तू गप बस.

हात मी साबणाने धुतला होता, तीनदा, चिंचेने घासला होता. तरी दारूचा वास लागतो तो लागतो, बोटांच्या पेरांत बसतो. हळदीच्या वाटीत बोट बुडवायच्या आधी प्रणालीने माझा हात धरला. सगळ्या बायका बघत होत्या. तिने डोळे मिटून हात नाकाशी नेला आणि हुंगला. मावशी शेजारीच पदर सावरून उभी होती.

प्रणालीने डोळे उघडले.

"कोणासाठी ओतलीस ते मी बघितलं," ती म्हणाली, आणि गाल पुढे केला.

मी हळद लावली, आणि कोरड्या गळ्याने धवला सुरू केला.